दुकानाला टाळं लागण्याआधी काय काय घडतं? ब्रिटनच्या ‘हाय स्ट्रीट’ची घरघर समजून घ्या

६ जानेवारी २००९. ब्रिटनमधल्या ‘वूलवर्थ्स’ या दुकानांच्या साखळीची शेवटची दुकानं त्या दिवशी बंद झाली. १९०९ मध्ये लिव्हरपूलला पहिलं दुकान उघडलेल्या या साखळीची शेवटी ८०७ दुकानं होती. सुट्ट्या गोळ्या-चॉकलेटांपासून शाळेच्या वह्यांपर्यंत सगळं तिथे मिळायचं. शेवटच्या दिवसांत माल संपला आणि फळ्या, रॅक, काउंटरसुद्धा विकायला काढले गेले. सुमारे २७ हजार लोकांच्या नोकऱ्या गेल्या.

त्यानंतर ही यादी वाढतच गेली. २०१६ मध्ये बीएचएस, २०२१ मध्ये डेबनहॅम्स, २०२३ मध्ये विल्को. प्रत्येक वेळी बातमी अचानक आल्यासारखी वाटली आणि प्रत्येक वेळी कारण म्हणून एकच बोट दाखवलं गेलं, ते म्हणजे ऑनलाइन खरेदी.

हे कारण खोटं नाही, पण अर्धवट आहे. या दुकानांचे हिशेब पाहिले तर ग्राहक कमी होण्याच्या जोडीला आणखी काही गोष्टी दिसतात. विकून टाकलेल्या जागा, न परवडणारं भाडं, जुन्या दराने आकारलेला कर आणि डोक्यावरचं कर्ज. आणि या सगळ्याच्या खुणा शटर पडण्याच्या कितीतरी आधी दिसू लागतात.

हाय स्ट्रीट म्हणजे नेमकं काय?

ब्रिटनमधल्या जवळपास प्रत्येक गावात एक मुख्य बाजाररस्ता असतो. बहुतेक ठिकाणी त्याचं नावच ‘हाय स्ट्रीट’ असतं. आपल्याकडे ‘बाजारपेठ’ म्हटलं की जे डोळ्यासमोर येतं, साधारण तेच. कपड्यांची, चपलांची, औषधांची दुकानं, बँक, पोस्ट, बेकरी आणि मधल्या चौकात आठवडी बाजार. आता ‘हाय स्ट्रीट’ हा शब्द देशातल्या एकूणच दुकानदारीसाठी वापरला जातो.

एक मोठा फरक मात्र आहे. आपल्या बाजारपेठांमध्ये अनेक दुकानं एखाद्या कुटुंबाची असतात. ब्रिटनच्या हाय स्ट्रीटवरच्या मोठ्या जागा मुख्यतः देशभर पसरलेल्या साखळ्यांच्या ताब्यात होत्या. त्यामुळे लंडनमधली एक कंपनी बुडाली की शेकडो गावांत एकाच आठवड्यात एकेक मोठं दुकान बंद होतं.

ग्राहक तिथून हलले कधी?

इंटरनेट यायच्या आधीच. १९८६ मध्ये इंग्लंडच्या ईशान्येला गेट्सहेड इथे ‘मेट्रोसेंटर’ हे भलंमोठं खरेदी संकुल सुरू झालं. गावाबाहेर मोकळी जागा, एका छताखाली दुकानं आणि फुकट पार्किंग. त्याच काळात वेस्ट मिडलंड्समध्ये ‘मेरी हिल’ संकुल उभं राहिलं आणि शेजारच्या डडली गावातली मोठी दुकानं एकामागून एक तिकडे निघून गेली. डडलीची रिकामी पडलेली बाजारपेठ हे या बदलाचं ठळक उदाहरण मानलं जातं.

नव्वदच्या दशकात सरकारने नियम बदलले आणि नव्या दुकानांसाठी आधी गावाच्या मध्यभागी जागा शोधावी, असं धोरण आणलं. पण तोवर बरीच संकुलं उभी राहिली होती.

इंटरनेटचा धक्का त्यानंतरचा. ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या आकडेवारीनुसार २००६ च्या अखेरीस एकूण किरकोळ विक्रीत ऑनलाइनचा वाटा जेमतेम ३ टक्के होता. कोरोनाच्या आधी तो सुमारे २० टक्के झाला. जानेवारी २०२१ च्या टाळेबंदीत तो ३५ टक्क्यांच्या वर गेला आणि नंतर खाली येऊन २६-२७ टक्क्यांच्या आसपास स्थिरावला.

म्हणजे आजही साधारण तीन चतुर्थांश विक्री दुकानांतूनच होते.

मग काही दुकानं टिकली कशी?

प्रायमार्क या कपड्यांच्या साखळीचं उदाहरण बघा. ही कंपनी ब्रिटनमध्ये घरपोच माल देत नाही. वेबसाइटवर कपडे निवडता येतात, पण ते घ्यायला दुकानातच जावं लागतं. तरीही तिची दुकानं गर्दीने भरलेली असतात. ग्रेग्ज या बेकरी साखळीची अडीच हजारांहून अधिक दुकानं आहेत. गरम पॅटिस कुरियरने मागवण्यापेक्षा चालता चालता घेणं लोकांना सोयीचं वाटतं.

प्रायमार्कच्या वाढीला एका बुडत्या साखळीचाही हातभार लागला. ‘लिटलवूड्स’ ही जुनी ब्रिटिश साखळी. २००५ मध्ये प्रायमार्कच्या मालक कंपनीने तिची ११९ दुकानं विकत घेतली आणि त्यातल्या अनेक जागांवर प्रायमार्कचे फलक लागले. याच लिटलवूड्सचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. तिचं बेंगळुरूमधलं दुकान १९९८ मध्ये टाटा समूहाच्या ‘ट्रेंट’ने घेतलं आणि त्याचं नाव ‘वेस्टसाइड’ ठेवलं. आज मुंबई-पुण्यातल्या मॉलमध्ये दिसणारं वेस्टसाइड ते हेच.

याचा अर्थ ऑनलाइनच्या काळात कपड्यांचं दुकान चालतच नाही असं नाही. मग काही साखळ्या का बुडाल्या? त्यासाठी त्यांच्या जागांची आणि कर्जाची गोष्ट बघावी लागते.

स्वतःची जागा विकून तिथेच भाडेकरू

डेबनहॅम्सची सुरुवात १७७८ ची. २००३ मध्ये काही गुंतवणूक कंपन्यांनी मिळून ही साखळी विकत घेतली. २००५ मध्ये डेबनहॅम्सने आपल्या मालकीची २३ दुकानं ‘ब्रिटिश लँड’ या जागा-व्यवसायातल्या कंपनीला ४९.५ कोटी पौंडांना विकली आणि दीर्घ मुदतीच्या करारावर तीच दुकानं परत भाड्याने घेतली. २००६ मध्ये कंपनी पुन्हा शेअर बाजारात आली, तेव्हा तिच्यावरचं कर्ज एक अब्ज पौंडांच्या घरात होतं.

अशा व्यवहारात हातात एकरकमी पैसा येतो आणि मालकांना लाभांश घेता येतो. पण दुकानाच्या डोक्यावर कायमचं भाडं बसतं. धंदा मंदावला तर स्वतःच्या जागेतला दुकानदार कळ काढू शकतो. भाडेकरूला तशी सवड नसते.

त्यात ब्रिटनमधल्या अनेक व्यावसायिक करारांमध्ये एक जुनं कलम असतं. ठरावीक वर्षांनी भाड्याचा आढावा घ्यायचा, पण भाडं फक्त वाढू शकतं, कमी होऊ शकत नाही. शेजारची निम्मी दुकानं रिकामी पडली तरी करार संपेपर्यंत जुनंच भाडं भरावं लागतं. नव्या करारांमध्ये अशा कलमावर बंदी घालण्याचा प्रस्ताव सरकारने २०२५ मध्ये विधेयकातून मांडला.

करामुळे नुकसान कसं झालं?

दुकानाच्या जागेवर ब्रिटनमध्ये ‘बिझनेस रेट्स’ नावाचा कर लागतो. तो आपल्या मालमत्ता करासारखाच, पण साधारणपणे जागा वापरणारा दुकानदार तो भरतो. नफा झाला की तोटा, याच्याशी या कराचा संबंध नसतो.

जागेचं वार्षिक भाडं किती येऊ शकेल, याचा सरकारी अंदाज काढतात आणि त्यावर दर लावतात. इंग्लंडमध्ये २०२४-२५ साठी मोठ्या जागांचा दर पौंडामागे ५४.६ पेन्स होता. म्हणजे एखाद्या जागेचं भाडेमूल्य वर्षाला एक लाख पौंड धरलं, तर सवलत नसल्यास कर ५४,६०० पौंड. भाडं वेगळं.

खरी मेख होती भाडेमूल्याच्या तारखेत. २०१० पासून लागू झालेला कर एप्रिल २००८ च्या भाड्यांवर आधारलेला होता, म्हणजे आर्थिक मंदीचा पुरता फटका बसायच्या आधीच्या. पुढचं मूल्यांकन २०१५ मध्ये व्हायचं होतं, सरकारने ते २०१७ वर ढकललं. तोवर अनेक लहान गावांतली भाडी कोसळली होती, पण तिथले दुकानदार तेजीच्या काळातल्या भाड्यावर कर भरत राहिले. २०१७ मध्ये मूल्यांकन झालं, तेव्हाही कर एकदम कमी झाला नाही. एका वर्षात तो किती घटू शकतो, यावर मर्यादा होती. ती मर्यादा २०२३ मध्ये काढली गेली.

अलीकडे आणखी भार पडला. एप्रिल २०२५ पासून कर्मचाऱ्यांमागे मालकाने भरायचं ‘नॅशनल इन्शुरन्स’ १३.८ वरून १५ टक्के झालं आणि दुकानांना मिळणारी बिझनेस रेट्सची सवलत ७५ वरून ४० टक्क्यांवर आली. एप्रिल २०२६ पासून दुकानांसाठी वेगळे, कमी दर आणायचं सरकारने ठरवलं.

बुडणारं दुकान कसं ओळखायचं?

*रिकाम्या फळ्या.* दुकानदार माल बहुधा उधारीवर उचलतो आणि महिना-दोन महिन्यांनी पैसे देतो. दुकान बुडालं तर आपलं नुकसान होऊ नये, म्हणून पुरवठादार त्या उधारीचा विमा काढतात. विमा कंपनीला धोका दिसला की ती हा विमा मागे घेते. मग पुरवठादार म्हणतो, आधी रोख द्या, मग माल नेा. दुकानाकडे रोख नसते, म्हणून फळ्या रिकाम्या राहतात. ग्राहक हवी ती वस्तू न मिळाल्याने परत जातो आणि रोख आणखी आटते. २००८ मध्ये वूलवर्थ्सच्या आणि २०२३ मध्ये विल्कोच्या बाबतीत हेच घडलं.

*मालमत्तेची विक्री.* विल्कोने २०२२ मध्ये वर्कसॉप इथलं आपलं वितरण केंद्र विकलं आणि तेच भाड्याने घेतलं. हातात पैसा यावा म्हणून केलेला हा व्यवहार होता. वर्षभरातच कंपनी कोलमडली आणि १२,५०० जणांच्या नोकऱ्या धोक्यात आल्या.

*घरमालकांशी तडजोड.* कर्ज देणाऱ्यांच्या आणि जागामालकांच्या मतदानाने भाडं कमी करून घेण्याची एक कायदेशीर पद्धत ब्रिटनमध्ये आहे. बातमीत ती ‘दुकान वाचवण्याची योजना’ म्हणून येते. काही दुकानं त्यातून सावरतातही. पण बीएचएसची अशी योजना मार्च २०१६ मध्ये मंजूर झाली आणि महिनाभरात कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

*नाममात्र किमतीला विक्री.* एखादी मोठी साखळी एका पौंडाला विकली गेली, तर घेणाऱ्याने दुकानांसोबत देणीही घेतलेली असतात. २०१५ मध्ये बीएचएस आणि २०२५ मध्ये पाउंडलँड ही साखळी अशीच एका पौंडाला विकली गेली.

*न संपणारा सेल.* हंगाम संपला तरी ‘७० टक्के सूट’चे फलक उतरत नसतील, तर ते नेहमीच ग्राहकप्रेम नसतं. कधी कधी ती रोख पैशाची निकड असते.

यातली एकच खूण दिसली म्हणून दुकान बुडेलच असं नाही. पण दोन-तीन एकत्र दिसू लागल्या, तर काळजी करण्यासारखं आहे.

बुडाल्यावर आधी पैसे कोणाला मिळतात?

दिवाळखोर कंपनी ‘ॲडमिनिस्ट्रेटर’च्या ताब्यात जाते. तो धंदा विकण्याचा प्रयत्न करतो, ते जमलं नाही तर माल आणि मालमत्ता विकतो. तारण ठेवून कर्ज दिलेल्या बँका रांगेत पुढे असतात. उधारीवर माल देणारे छोटे पुरवठादार आणि गिफ्ट कार्ड घेतलेले ग्राहक रांगेच्या शेवटी.

कर्मचाऱ्यांचं काय होतं, हे बीएचएसच्या वेळी सगळ्या देशाने पाहिलं. उद्योजक फिलिप ग्रीन यांनी २००० मध्ये ही साखळी २० कोटी पौंडांना घेतली होती. २००२ ते २००४ या काळात कंपनीने ४० कोटी पौंडांहून अधिक लाभांश वाटला आणि त्यातला मोठा वाटा ग्रीन कुटुंबाकडे गेला. २०१५ मध्ये कंपनी एका पौंडाला विकली गेली. पुढच्याच वर्षी ती बुडाली, तेव्हा ११ हजार नोकऱ्या गेल्या आणि कर्मचाऱ्यांच्या पेन्शन निधीत ५७.१ कोटी पौंडांचा खड्डा असल्याचं समोर आलं. संसदेच्या समित्यांनी चौकशी केली. अखेर २०१७ मध्ये ग्रीन यांनी पेन्शनसाठी ३६.३ कोटी पौंडांपर्यंत रक्कम देण्याचं मान्य केलं.

वूलवर्थ्सच्या कर्मचाऱ्यांची गोष्ट कमी लोकांना माहीत आहे. एकाच ठिकाणचे २० किंवा अधिक कर्मचारी काढायचे असतील, तर आधी त्यांच्या प्रतिनिधींशी चर्चा करावी लागते, असा कायदा आहे. ती न केल्यास भरपाई मिळते. वूलवर्थ्सच्या हजारो कर्मचाऱ्यांना ती मिळालीही. पण लहान दुकानांतल्या तीन हजारांहून अधिक जणांना नाकारली गेली, कारण त्यांच्या दुकानात २० पेक्षा कमी लोक होते. कंपनी तीच, बुडाली त्याच दिवशी, काम तेच. ‘उस्डॉ’ ही कामगार संघटना हा खटला युरोपीय न्यायालयापर्यंत घेऊन गेली. एप्रिल २०१५ मध्ये निकाल आला. प्रत्येक दुकान स्वतंत्र ठिकाण म्हणून मोजता येतं, असं न्यायालयाने म्हटलं आणि त्या कर्मचाऱ्यांना काहीच मिळालं नाही.

रिकाम्या जागेत कोण येतं?

दुकान रिकामं झालं की पहिले तीन महिने त्यावर बिझनेस रेट्स लागत नाहीत. त्यानंतर हा कर सहसा जागामालकाच्या माथी येतो. त्यामुळे भाडं कमी मिळालं तरी चालेल, पण कोणीतरी यावं, अशी त्याची इच्छा असते. धर्मादाय संस्थांना या करात ८० टक्के सूट असते. ब्रिटनच्या बाजारपेठांत जुन्या वस्तू विकणारी ‘चॅरिटी शॉप’ इतकी का दिसतात, याचं एक कारण हे आहे.

त्याशिवाय व्हेपची दुकानं, सट्ट्याची दुकानं आणि केशकर्तनालयं वाढली. केस कापून घ्यायची सेवा ऑनलाइन मागवता येत नाही, म्हणून यात नवल नाही. पण यातल्या काही दुकानांतून काळा पैसा पांढरा केला जातो, असा तपास यंत्रणांना संशय आहे. मार्च २०२५ मध्ये ब्रिटनच्या ‘नॅशनल क्राइम एजन्सी’च्या पुढाकाराने पोलिसांनी अडीचशेहून अधिक ठिकाणी तपासणी केली. त्याचा फटका प्रामाणिकपणे धंदा करणाऱ्या न्हाव्यांनाही बसतो, कारण समाजमाध्यमांवर सगळ्यांकडेच संशयाने पाहिलं जातं.

बँकाही निघून गेल्या. ‘विच’ या ग्राहक संघटनेच्या नोंदीनुसार २०१५ पासून सहा हजारांहून अधिक शाखा बंद झाल्या आहेत. ज्यांच्याकडे गाडी नाही किंवा ज्यांना मोबाइलवर व्यवहार जमत नाहीत, अशा वयस्कर लोकांना पैसे काढायला दुसऱ्या गावी बस पकडून जावं लागतं. आणि बँकेत येणारा माणूस जाता जाता ब्रेड, औषधं, वर्तमानपत्र घ्यायचा. तोही आता येत नाही.

यावर उपाय काय झाले?

२०११ मध्ये सरकारच्या सांगण्यावरून रिटेल तज्ज्ञ मेरी पोर्टास यांनी अहवाल दिला. त्यात २८ शिफारशी होत्या. पुढच्या वर्षी प्रायोगिक तत्त्वावर पहिल्या १२ गावांची निवड झाली आणि त्यांना मिळून सुमारे १२ लाख पौंड मिळाले. प्रसिद्धी भरपूर झाली, पण इतक्या पैशात भाडं, कर आणि कर्जाचे प्रश्न सुटणारे नव्हते.

डिसेंबर २०२४ पासून इंग्लंडमधल्या स्थानिक परिषदांना नवा अधिकार मिळाला. दोन वर्षांत ३६५ दिवसांहून अधिक काळ रिकाम्या राहिलेल्या दुकानाच्या भाडेकराराचा त्या लिलाव करू शकतात, जागामालकाची इच्छा नसली तरी. करार एक ते पाच वर्षांचा.

पोर्टास यांच्या पहिल्या १२ गावांपैकी एक असलेल्या स्टॉक्टन-ऑन-टीजने वेगळी वाट धरली. तिथल्या परिषदेने २०१९ मध्ये गावातली दोन खरेदी संकुलं विकत घेतली. इतकी दुकानं आता कधीच भरणार नाहीत, हे तिने मान्य केलं. उरलेल्या दुकानांसाठी एका संकुलात जागा केली आणि सत्तरच्या दशकातलं ‘कॅसलगेट’ हे दुसरं संकुल पाडायला घेतलं. त्या जागी बाजाररस्त्याला टीज नदीशी जोडणारं उद्यान करायचं ठरलं. गावकऱ्यांना बाजारात यायला खरेदीशिवाय दुसरंही कारण हवं, असा त्यामागचा विचार.

ग्राहकाने काय लक्षात ठेवावं?

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी महाराष्ट्रातून ब्रिटनला गेलेल्यांना याचा थेट उपयोग आहे.

- गिफ्ट कार्ड मिळालं की लवकर वापरा. कंपनी दिवाळखोरीत गेल्यावर ते स्वीकारलं जाईलच असं नाही.
- १०० पौंडांहून महाग आणि ३० हजार पौंडांपर्यंतची वस्तू क्रेडिट कार्डावर घेतली आणि ती मिळण्याआधी दुकान बुडालं, तर १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याच्या कलम ७५ नुसार कार्ड कंपनीकडे पैसे मागता येतात. डेबिट कार्डाला हे कलम लागू नाही.
- बुडालेल्या दुकानात नोकरी करत असाल, तर थकलेला पगार आणि नोकरी गेल्याची भरपाई यासाठी सरकारच्या ‘रिडंडन्सी पेमेंट्स सर्व्हिस’कडे अर्ज करता येतो. त्याला काही मर्यादा आणि अटी आहेत.
- ओळखीचं नाव पुन्हा दिसलं म्हणून तीच कंपनी आहे असं समजू नका. डेबनहॅम्सचं नाव आणि वेबसाइट २०२१ मध्ये ‘बूहू’ या ऑनलाइन कंपनीने ५.५ कोटी पौंडांना घेतली. दुकानं आणि कर्मचारी घेतले नाहीत. २०२५ मध्ये बूहूने स्वतःच्या समूहालाच ‘डेबनहॅम्स’ हे नाव दिलं.

दुकानं मात्र १५ मे २०२१ लाच कायमची बंद झाली. त्यातल्या काही इमारतींना नवे भाडेकरू मिळाले, काहींच्या काचांवर अजूनही जुन्या अक्षरांच्या खुणा आहेत.